तेरा अंडी आणि लटारूचा हात

लटारू निकुरेचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. गजर लावावा लागत नसे. ब्रह्मपुरीबाहेरच्या उसन्या, म्हणजे वाफवलेल्या, तांदळाच्या मिलमध्ये तो बॉयलरवर होता. सहाला वाफ तयार हवी, म्हणजे साडेचारला भट्टी पेटायला हवी, आणि मोहटोलीहून मिलपर्यंत सायकलनं पाऊण तास लागे. चाळीस वर्षांत मालक बदलले, बॉयलर बदलला, लटारूच्या डोक्यावरचे केस गेले. साडेतीन तेच राहिले.

काम असं. भिजलेलं धान टाकीत भरायचं, खालून वाफ सोडायची. दाण्याचं टरफल टोकाशी किंचित उकललं की वाफ बंद. घाई केली तर तांदूळ कांडताना तुटतो. उशीर केला तर लाल पडतो. टाकीला काटा होता, पण लटारू काट्याकडे बघत नसे. तो झाकण सारून धानात हात घाली, मूठभर दाणे उचली आणि म्हणे, "झालं." मिलमधला कुणी त्यापुढं बोलत नसे. त्या हातानं चाळीस वर्षांत एक घाणा बिघडवला नव्हता.

घरी कोंबड्या मनकर्णेच्या. मनकर्णा म्हणजे त्याची बायको. तिचं माहेर वैनगंगेच्या पलीकडं, आरमोरीच्या पुढच्या जंगलात. लग्न करून आली तेव्हा टोपलीत एक कोंबडी आणि एक कोंबडा घेऊन आली होती. पस्तीस वर्षांत त्या जोडीची पिल्लावळ मोहटोलीच्या घराघरांत गेली. रंगानं वाळल्या पाल्यासारखी, अंगानं हलकी, पायानं लांब. रात्री चिंचेवर झोपायची. रानमांजर चढलं तर बारीक फांदीच्या टोकाशी सरकायची. वर्षातून तीनदा खुडूक होऊन अंड्यांवर बसायची आणि बसली की समोर साप आला तरी उठायची नाही. अंडं लहान, बाजारात त्याला भाव कमी. पण तिला दाणा टाकावा लागत नसे, आणि ती मरत नसे.

त्या पौषात ती मेली. बाजारातून आलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांबरोबर गावात मानमोडी आली. पहिल्या दिवशी हिरवी हगवण, दुसऱ्या दिवशी मान पिळलेली, तिसऱ्या दिवशी चिंचेखाली पडलेली. आठ दिवसांत गाव रिकामं झालं. मनकर्णेच्या सदतीस गेल्या. खड्डा तिनं स्वतः खणला, वर चुना टाकला. रडली नाही.

नवव्या दिवशी लटारू नेहमीच्या वेळेला उठला, तर ती ओट्यावर बसलेली.

"काऊन वो, झोपली नाई?"

"कोंबडा आरवला नाई जी," ती म्हणाली. "उठाव का नाई, तेच समजून नाई राह्यलं."

लटारूनं सायकल काढली. वाटेत तो पहिल्यांदाच ऐकत गेला. तीन गावं लागली. कुठंच काही आरवत नव्हतं.

*

त्या जातीचं सगळं संपलं नव्हतं. मागच्या दिवाळीत मनकर्णेनं दोन कोंबड्या आणि एक कोंबडा बहिणीला बटईनं दिले होते. बटई म्हणजे पक्षी एकाचा, राखण दुसऱ्याची, पिल्लं अर्धी-अर्धी. बहीण सोनीबाई माहेरच्याच गावात राही. तिथं चार घरं, बाकी सागवान. मानमोडी तिथवर पोचली नव्हती.

पण दोन्ही कोंबड्या म्हाताऱ्या. सोनीबाईनं निरोप धाडला, यंदाच्या उन्हाळ्यापुरतं अंडं देतील, मग बंद. तिथंच खुडूक बसवावी तर कोंबडी बसली की अंडं थांबतं, आणि निघालेली पिल्लं मुंगूस ठेवत नव्हतं. पिल्लांचे दोन झोल त्यानं नेले होते. अंडी मोहटोलीला आणावी तर गावात बसवायला खुडूक एक नाही. लोकांनी बाजारातून नव्या कोंबड्या आणल्या होत्या, पांढऱ्या, जड. त्या अंडं देत आणि त्यावर पाय देऊन निघून जात. बसणं त्यांना माहीतच नव्हतं.

म्हणजे जे काही निघायचं, ते ह्या चार महिन्यांतल्या अंड्यांतून. नाहीतर ती कोंबडी मोहटोलीत पुन्हा दिसणार नव्हती.

माघात मुलगा आला. अजय गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडं होता. त्यानं एक प्लास्टिकचा डबा आणला. पिवळं बूड, पारदर्शक झाकण, आत जाळी, खाली पाण्याच्या पन्हळी, वर लाल आकडे.

"आई, ही कोंबडीच समज."

मनकर्णा डब्याभोवती एक फेरी मारून आली. "हिले पिसं कुठी आहेत?"

"आकडा सदतीस पॉइंट सात राहिला पाहिजे, बस. एकवीस दिवस."

"आणि हे कुडकुड करते का? कोंबडी अंड्यासंग बोलते, बाबू."

अजय हसला आणि दुसऱ्या दिवशी गेला. डबा लटारूनं ताब्यात घेतला. ऊब राखायची, म्हणजे ते त्याचंच काम.

*

सोनीबाईनं सव्वीस अंडी पाठवली, स्टीलच्या डब्यात, भुशाच्या थरांत. मनकर्णेनं प्रत्येकावर कोळशानं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. दिवसातून तीनदा उलटायची. पहिली पाळी लटारूची, साडेतीनची.

दुसऱ्या पहाटे त्यानं झाकण उघडून हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. थंड. आकडा मात्र सदतीस सात दाखवत होता. लटारूनं आकड्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न त्याला पडला नाही. त्यानं बटण दाबून साडेएकोणचाळीसवर नेलं आणि मिलला गेला. घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

सहाव्या दिवशी दुपारी दार लावून, खिडकीला गोणपाट टांगून त्यानं बॅटरीवर पुठ्ठ्याची नळी बसवली आणि एक अंडं त्यावर धरलं. अंडं आतून पेटल्यासारखं लाल झालं. मधोमध मसुराएवढा काळा ठिपका, आणि त्यातून चहूकडं निघालेल्या लाल शिरा. ठिपका हलत होता. ठक, ठक, ठक. लटारूनं श्वास धरला. आपला हात थरथरतोय की काय म्हणून त्यानं अंडं मांडीला टेकवलं. हात स्थिर होता. आतलंच हलत होतं.

"मनकर्णे," तो हळूच म्हणाला, "इकडं ये. पाह्य."

तिनं पाहिलं. पस्तीस वर्षांत शेकडो पिल्लं तिनं काढली होती, पण आतून कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा.

"हे आपल्याले पाहाले परवानगी आहे का जी?" तिनं विचारलं.

अकराव्या दिवशी पुन्हा पाहिलं. शिरा गेल्या होत्या. प्रत्येक अंड्यात एक लाल कडं, आणि आत सगळं थांबलेलं. सव्वीसच्या सव्वीस.

लटारूनं परसात पाट मांडला आणि एकेक अंडं फोडलं. घाणा बिघडला तर कुठल्या मिनिटाला बिघडला, हे शोधल्याशिवाय तो उठत नसे. कुठं वालाएवढं, कुठं बोराएवढं. काहींना डोळे आले होते. सगळी आठव्या-नवव्या दिवसाच्या आसपास गेलेली. त्यानं मनकर्णेला तेव्हा सांगितलं, आकडा आपण चढवला होता.

मनकर्णेनं फोडायचं राहिलेलं एक अंडं डब्यातून काढलं आणि मिटल्या पापणीला लावलं.

"भाजते," ती म्हणाली. "आमच्या मायनं शिकवलं. खुडूक कोंबडी दाण्याले उठली का अंडं पापणीले लावाचं. बराबर असलं तं फक्त अंडं लागते. ऊब लागत नाई, थंड लागत नाई. हे भाजून राह्यलं जी."

"माह्या हाताले तं थंड लागलं."

तिनं त्याचा पंजा उलटा करून पाहिला. तळव्याची कातडी सायकलच्या टायरसारखी. "हात कुठी राह्यला हा? उसन्या तांदळावानी दोनदा शिजला."

लटारू हसला नाही. चुलीवरचं पाणी त्यानं तांब्यात घेतलं आणि बोट घातलं. कोमट. मनकर्णेनं बोट घातलं आणि झटकन काढून तोंडात घातलं.

वाफेचा हात. वाफ ओळखण्यापुरताच उरलेला. मिलमध्ये तो बरोबर होता, कारण तिथं सगळंच उकळतं. पिल्लाची ऊब इतकी हलकी असते की त्या हाताला ती पोचतच नव्हती. लटारू त्या दिवशी तळव्याकडं पुन्हापुन्हा पाहत राहिला. परक्या माणसाचा हात पाहावा तसा.

*

फाल्गुनात एकवीस अंडी आली. ह्या वेळी बटणाला लटारूनं हात लावला नाही. आकडा सदतीस सात, आणि तिन्ही वेळा मनकर्णेची पापणी.

मिलमध्ये बिरजू, बॉयलरमध्ये भुसा टाकणारा, रोज विचारी. "काय लटारूभाऊ, कोंबडी बसली का, का तुमीच बसले?"

"मशीन बसली."

"मंग तुमी जरा उठा. घाणा होऊन राह्यला."

विसाव्या दिवशी लटारू अंडी पाहायला वाकला, तर आवाज आला. बारीक. तो आधी खिडकीकडं वळला. मग कान झाकणाला लावला. अंड्याच्या आत कुणीतरी बोलत होतं. चिव. थांबून, दुसऱ्या कोपऱ्यातल्या अंड्यातून उत्तर. चिव, चिव. टरफल अजून अखंड होतं. बाहेरचं काही पाहिलं नव्हतं, आणि तरी एकमेकांना हाक मारत होती. लटारू गुडघ्यावर बसून राहिला. मिलमध्ये पहिल्यांदा मोठ्या बॉयलरची शिट्टी ऐकली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या दिवशी अंगावर असा काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी. मनकर्णा लाखोरी मळायला शेतात गेली होती. सकाळी आठला एका अंड्यावर चीर पडली. टरफलाचा कपचा उचलला गेला, चोचीचं पांढरं टोक दिसलं. लटारू स्टूल घेऊन बसला. चोच दोनदा हलली आणि थांबली. नऊ वाजले. दहा वाजले. चोच तिथंच. मधेच एक हुंदका दिल्यासारखी हालचाल, मग पुन्हा काही नाही. तोवर आणखी पाच-सहा अंड्यांना चिरा पडल्या होत्या. सगळी थोडं फोडत आणि थांबत.

मिलमधला एक नियम होता. लिहिलेला नव्हता, पण तो मोडणारा माणूस टिकत नसे. समोरचा पोतं उचलत असेल आणि पोतं गुडघ्यावर अडलं असेल, तर बाजूच्यानं हात लावायचा. विचारायचं नाही, बोलायचं नाही. वैरी असला तरी हात लावायचा. हात न लावता बघत उभा राहणारा माणूस लटारूनं चाळीस वर्षांत माणूस म्हणून मोजला नव्हता.

तो तीन तास बघत बसला होता. अकराला त्यानं झाकण काढलं आणि हात लावला.

नखानं टरफलाचा एक कपचा काढला. सोपं होतं. दुसरा काढला. आतलं पांढरं पातळ कातडं सोललं. त्यावर रक्ताचा एक थेंब आला. मग दुसरा. मग थांबेना. पिल्लू त्याच्या तळव्यावर ओलं, गरम, मान टाकून पडलं. पोटाशी पिवळा बलक अजून अर्धा बाहेर होता. लटारूला वाटलं, उशीर झाला, ह्याला आधीच काढायला हवं होतं. म्हणून त्यानं दुसऱ्याला जास्त घाई केली. तिसऱ्यालाही. पाच पिल्लं काढली. आणि हे चालू असेपर्यंत झाकण उघडं, बाहेर फाल्गुनाची कोरडी हवा. उरलेल्या अंड्यांतलं कातडं वाळून पिल्लांच्या अंगाला कागदासारखं चिकटलं.

मनकर्णा दुपारी आली. पाटावर पाच पिल्लं ओळीनं ठेवलेली. डब्यात आवाज नाही.

"कोणी सांगतलं होतं हात लावाले?"

"ते दमलं होतं वो."

"दमून राह्यलं नव्हतं जी! थांबलं होतं. थांबते ते. टरफलाचं रगत सारं अंगात ओढून घेते, मंगच बाहेर निंगते. कोंबडी काऊन हात लावत नाई? तिले चोच नाई का?"

लटारूनं मान खाली घातली. एक पिल्लू संध्याकाळपर्यंत जगलं. बाकी काही निघालं नाही. एकवीस.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये बिरजूनं विचारलं आणि लटारूनं सगळं सांगितलं. बिरजूनं फावडं खाली ठेवलं.

"पोत्याले लावतो तसा हात लावला?"

"हव."

बिरजू हसला नाही. "मीबी लावला असता," तो म्हणाला आणि भुसा टाकू लागला.

*

चैत्र सरता सरता सोनीबाई स्वतः आली. आरमोरीहून काळीपिवळी जीपमध्ये, मांडीवर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. उतरेपर्यंत तिनं मांडी हलवली नव्हती. एक पाय बधिर झाला होता.

"एकीले मुंगसानं नेलं," ती बहिणीला म्हणाली. "दुसरीचे हे तेरा. चार दिवस झाले, दिलं नाई. आता तिच्यात काई नाई राह्यलं, अक्का."

तेरा अंडी. मनकर्णेनं ती जाळीवर मांडली. सव्वीस मांडली होती तेव्हा जाळी भरली होती, आता मधे फट दिसत होती. लटारूनं पाण्याच्या पन्हळी दोन्ही भरल्या आणि हात मागं बांधून उभा राहिला.

आठव्या दिवशी बॅटरीवर पाहिलं. दोन अंडी पोकळ. अकरांत शिरा.

पंधराव्या दिवशी दुपारी वावटळ सुटली. पत्रे उडाले, मोहाची एक मोठी फांदी तारांवर पडली, गावाच्या डीपीतून धूर निघाला. लाइनमन पाहून गेला. नवी डीपी यायला चार दिवस. लटारू मिलवरून आला तेव्हा डब्यावरचे लाल आकडे गेले होते. मनकर्णा डब्याला गोधडीत गुंडाळून, कवेत घेऊन बसली होती.

"किती वेळ झाला?"

"दीड घंटा. ऊब आहे अजून. जाऊन राह्यली."

लटारू ओट्यावर बसला. त्यानं विडी काढली, पेटवली नाही. वीज नाही, कोंबडी नाही. पण ऊब म्हणजे काय, ती कशात राहते, किती वेळ राहते आणि कशी जाते, हे त्याला माहीत होतं. टाकीतून काढलेल्या धानाचा ढीग भुशाखाली झाकला तर दुसऱ्या सकाळीही त्यात पाय घालवत नाही. धान ऊब धरून ठेवतं. लोखंडासारखं एकदम सोडत नाही. हळूहळू, मोजून सोडतं.

तो उठला. बियाण्याचं सोडून घरातलं सगळं धान काढलं. लोखंडी कढई चुलीवर चढवली, धान परतलं, जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्यात भरलं. मोठ्या टोपलीत तळाला हातभर भुसा, त्यावर पिशव्या, त्यावर पेंढ्याचा थर, त्यावर अकरा अंडी, वर पुन्हा पातळ पिशवी आणि गोधडी. पहिली पिशवी ठेवताना त्यानं सवयीनं हात लावला आणि "झालं" म्हणता म्हणता थांबला.

"तू सांग."

मनकर्णेनं पिशवी पापणीला लावली. "नाई. भाजते."

तो थांबला. पिशवी हवेत धरून उभा राहिला. "आता?"

"नाई."

"आता?"

"ठेवा."

दर तीन तासांनी पिशव्या बदलायच्या. धान किती तापवायचं, किती भरायचं, किती वेळात निवेल, हे लटारूचं. कधी ठेवायचं, हे मनकर्णेच्या पापणीचं. दुसऱ्या दिवशी बाराला उलटंच झालं. चंद्रपूरकडचा वैशाख, पारा चव्वेचाळीसवर. बाहेरची हवाच कोंबडीच्या पोटापेक्षा तापलेली. मनकर्णेनं अंडं पापणीला लावलं आणि ओरडली, "काढा, काढा!" पिशव्या काढल्या, टोपली आतल्या मातीच्या खोलीत नेली, भोवती ओली गोणपाटं टांगली. दिवस मावळला की पुन्हा चूल.

चार दिवस लटारू मिलला गेला नाही. चाळीस वर्षांतला पहिला खाडा. दुसऱ्या दिवशी बिरजू सायकल घेऊन दारात आला.

"मालक विचारून राह्यला, लटारू मेला का?"

"सांग त्याले, खुडूक बसला."

बिरजू टोपलीकडं पाहत राहिला. दोघं नवरा-बायको, डोळे लाल, अंगाला भुसा चिकटलेला, आणि मधे अकरा अंडी. "घाणा मी सांभाळतो, भाऊ," तो म्हणाला. "काट्याकडं पाहून."

एकोणिसाव्या दिवशी दुपारी वीज आली. अंडी डब्यात गेली. पन्हळी काठोकाठ भरल्या. आता झाकण उघडायचं नाही.

विसावा दिवस. काही नाही. एकविसावा. काही नाही. मनकर्णा डब्यापाशी बसून ओठांतल्या ओठांत कुडकुड करत होती, कोंबडी करते तशी. लटारूनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी दहाला आतून आवाज आला. चिव. मग दोन. मग डब्यात गलका. साडेदहाला पहिला कपचा उडाला आणि चोच थांबली.

लटारू स्टुलावर बसला. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर वजन टाकलं. मनकर्णेनं पाहिलं. बारा वाजले. तिनं भाकर आणून त्याच्या तोंडात घास घातला. त्यानं हात बाहेर काढले नाहीत.

चोच हले, थांबे. तासाला एखादा कपचा. आतलं पिल्लू गोल फिरत होतं, स्वतःभोवती, आणि फिरता फिरता टरफल एका सरळ रेषेत कापत होतं. कुणी आखून दिल्यासारखं. लटारूनं सुतार पाहिले होते, गवंडी पाहिले होते, दोरी धरूनही इतकं सरळ काम न करणारे. हे अंधारात, मान वाकवून, पाय दुमडून, जिथं हलायलाही जागा नाही तिथं चाललं होतं. पाणी नाही, विसावा म्हणजे जागच्या जागी. पहिलं पिल्लू दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आलं. लटारूनं तास मोजले. अठरा. टरफलाची टोपी ढकलून ते जाळीवर आलं, उठलं, पडलं, पुन्हा उठलं, आणि बाजूच्या चीर पडलेल्या अंड्यावर मान टेकून झोपलं.

"अठरा तास," लटारू म्हणाला. "एक हात नाई लागला त्याले."

आठ निघाली. तीन निघाली नाहीत. ती लटारूनं नंतर उघडली. एकाचं डोकं उलटं, निमुळत्या टोकाकडं होतं, दोन उशिरा गेलेली. कुठल्या दिवशी, ते त्याला कळलं. त्यानं ती चिंचेच्या मुळाशी पुरली.

*

सहाव्या दिवशी मनकर्णेनं पिल्लांना पहिल्यांदा अंगणात सोडलं. उन्हं कोवळी होती. आठ गोळे, वाळल्या पाल्याच्या रंगाचे, माती उकरत होते. त्यांनी कोंबडी पाहिली नव्हती. आई म्हणजे पिवळा डबा आणि मनकर्णेचा पदर. शेजारच्या गोपालच्या दोन बाजारी कोंबड्या तिथंच चरत होत्या.

जमिनीवरून एक सावली गेली. वर घार होती, उंच, गोल फिरत.

आठही पिल्लं नाहीशी झाली. लटारूला क्षणभर कळलंच नाही. मग दिसलं. दोन पाट्याखाली, एक खराट्यात, बाकीची होती तिथंच मातीला चिकटलेली, मान आत, डोळे उघडे, एक केसही हलत नाही. माती आणि पिल्लू यांत फरक दिसेना. बाजारी कोंबड्या मान वर करून घारीकडं बघत उभ्या होत्या.

घार निघून गेली. पिल्लं उठली आणि उकरायला लागली.

"कोणी शिकवलं?" लटारूनं विचारलं.

मनकर्णा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी तं नाई."

शिरा पाहिल्या तेव्हा, चिवचिव ऐकली तेव्हा, प्रत्येक वेळी लटारूला वाटलं होतं की आता सगळं पाहून झालं. आता तो अंगणात उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्या एवढ्याशा टरफलात घारसुद्धा होती.

मग त्याची नजर गोपालच्या कोंबड्यांवर गेली. पिंजऱ्यातून आलेल्या. मानमोडी आली ती अशाच पिंजऱ्यातून. पुन्हा आली तर आता नदीपलीकडंही अंडं देणारं काही उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ब्रह्मपुरीला जनावरांच्या डॉक्टरांकडं गेला.

"आठ पिल्लं आहेत. मानमोडीची लस पाहिजे."

"बाटली शंभर पक्ष्यांची येते, काका. एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. आठांसाठी अख्खी बाटली घेणार?"

"नाई," लटारू म्हणाला. "शंभर करतो."

त्यानं मोहटोलीत घरोघर फिरून सांगितलं, परवा सकाळी सहाला कोंबड्या डालून ठेवा, सोडू नका. कुणी हसलं. गोपाल म्हणाला, "पैसे कोणाचे, भाऊ?" लटारू म्हणाला, "तू कोंबड्या धरून ठेव." परवा सकाळी तो आणि बिरजू पुढं, मनकर्णा मागून बाटली घेऊन, अशी बेचाळीस घरं त्यांनी पावणेदोन तासांत केली. सत्त्याण्णव पक्षी, प्रत्येकाला एक थेंब. शेवटचे तीन थेंब उरले, पण गावात आणखी कोंबडी नव्हती.

मिलचा हंगाम त्याच आठवड्यात संपला होता. चार दिवसांचा खाडा कापून लटारूच्या हातात जी मजुरी पडली, तिच्यात शंभर पक्ष्यांच्या लसीची एक बाटली, ती थंड ठेवायला बर्फाचा डबा आणि ब्रह्मपुरीचं जाण्यायेण्याचं भाडं एवढंच आलं.